पावसाळी सुट्टीत थीम पार्कला निघालेल्या बडोदेकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातम-आठमच्या, म्हणजे गोकुळाष्टमीच्या, सुट्ट्या पंधरा ऑगस्टला जोडून आल्या की आमच्या दांडिया बाजारच्या घरी फोन सुरू होतात. "तुम्ही मागे खोपोलीच्या इमॅजिका पार्कला पावसातच गेला होतात ना? काय काय चालू होतं?" गेली काही वर्षं आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासूबाई असे पाच जण भर पावसाळ्यात कुठल्या ना कुठल्या पार्कात जातो. पहिल्या दोन वेळा चांगलीच फजिती झाली. तीच तीच उत्तरं फोनवर देऊन कंटाळले, म्हणून इथे लिहून ठेवते. खालच्या बहुतेक उत्तरांचं मूळ एकच आहे: भिजल्याने सहल बिघडत नाही, ओल्या कपड्यांत चार तास राहिल्याने बिघडते.

पावसाळ्यात जायचंच कशाला? मे महिन्यात का नाही?

मे महिन्यात बडोद्यात पारा बेचाळीसच्या पुढे असतो. खोपोलीकडे आकडा कमी दिसतो, पण घामाने जीव नकोसा होतो. तापलेल्या फरशीवर भर दुपारी रांगेत उभं राहून पाहिलंय, पुन्हा नको. जूनमध्ये शाळा उघडतात. नंतरची मोठी सुट्टी थेट दिवाळीत, आणि दिवाळीत सगळा गुजरात घराबाहेर पडलेला असतो. उरते ती ऑगस्टमधली चार दिवसांची फट. पावसाळ्यातल्या साध्या मंगळवारी-बुधवारी रांगा खरंच आखूड असतात. पंधरा ऑगस्टला मात्र अख्खी मुंबई तिथे भिजायला आलेली असते.

आपल्याला काय पाऊस नवा आहे? इतकी तयारी कशाला?

हाच आमचा पहिला गैरसमज होता. बडोद्यात वर्षभरात साधारण ९०० ते १००० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही उघडीप देत देत. लोणावळ्यात तोच आकडा चार हजारांच्या पुढे जातो, आणि खोपोली त्याच घाटाच्या पायथ्याशी आहे. आपल्याकडे सर आली की दुकानाच्या वळचणीला दहा मिनिटं थांबायचं आणि पुढे निघायचं, ही सवय. तिकडे झड लागते. दहा मिनिटं थांबलात तर दहा मिनिटं वाया जातात, पाऊस तसाच. मंगळ बाजारातून घेतलेली माझी फुलाफुलांची छत्री तिकडच्या वाऱ्यात पहिल्या पाच मिनिटांत उलटी झाली आणि दुसऱ्या पाच मिनिटांत काड्यांचा सांगाडा हातात राहिला.

हवामानाचा अंदाज किती आधी बघायचा, आणि त्यात काय बघायचं?

मोबाइलमधलं ढगाचं चित्र विसरा. ऑगस्टमध्ये कोकणात ते रोजच दिसणार. हवामान खात्याचा जिल्हावार इशारा बघा, आणि बडोद्याचा बघून उपयोग नाही. इमॅजिकासाठी रायगड जिल्हा बघायचा. त्यांच्या भाषेत २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या पुढे गेला की "जोरदार" पाऊस, ११५.६ पासून "अति जोरदार", आणि २०४.५ पासून "अत्यंत जोरदार". पिवळा इशारा असला तर आम्ही जातो. नारिंगी असला तर पार्कचा दिवस पुढे-मागे करून बघतो. लाल असला तर पुण्याला नणंदेकडे बसून पत्ते खेळतो.

पाच दिवस आधीच्या अंदाजावर तिकिटं रद्द करू नका. आदल्या संध्याकाळचा इशारा आणि सकाळी उठल्यावर मुंबईच्या रडारचं चित्र, एवढ्यावर निर्णय घ्या. रडारवर समुद्राकडून येणारा पट्टा दिसतो, तो किती लांब आहे त्यावरून पहिले दोन तास कसे जातील ते कळतं.

पावसात राइड्स बंद असतात का? मग तिकिटाचे पैसे पाण्यात ना?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. पाऊस, वारा आणि वीज या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि राइडवाले त्या वेगवेगळ्या हिशेबात धरतात.

रिमझिम असेल तर बऱ्याच उघड्या राइड्स चालू राहतात. रोलर कोस्टरचा रूळ ओला झाला की चाकांचं घर्षण कमी होतं आणि गाडी थोडी जास्तच पळते. ज्या कोस्टरला घासून थांबणारे ब्रेक असतात तिथे पाणी ही काळजीची बाब, म्हणून जोर वाढला की ते थांबवतात. चुंबकी ब्रेक असतील तर पाण्याने फारसा फरक पडत नाही, कारण तिथे धातू धातूला लागतच नाही. पण वेगात असताना पावसाचा थेंब गालावर खड्यासारखा लागतो. माझा मोठा हौसेने पुढच्या सीटवर बसला आणि पूर्ण वेळ डोळे मिटून होता.

उंच पाळणे आणि वरून खाली सोडणारे मनोरे वाऱ्यालाच बंद होतात, पाऊस नसला तरी. वीज चमकली तर उघड्यावरचं जवळपास सगळंच थांबतं, आणि थांबायलाच हवं.

एक युक्ती सांगते. पाऊस उघडल्यावर राइड लगेच सुरू होत नाही. आधी रिकाम्या गाडीच्या दोन-चार फेऱ्या मारून बघतात. रिकामी गाडी फिरताना दिसली की भजी टाका, चहा टाका, आणि तडक त्या रांगेत जाऊन उभे राहा. घोषणा होईपर्यंत तुमचा नंबर पुढे लागलेला असतो.

छताखालच्या राइड्स पुरेशा असतात का?

पार्कावर अवलंबून. इमॅजिकात बऱ्यापैकी आहेत: डीप स्पेस हा अंधारातला कोस्टर पूर्ण बंदिस्त आहे, शिवाय आय फॉर इंडिया, मिस्टर इंडिया, अलीबाबाची बंदुकीवाली राइड, आणि भित्र्यांनी टाळावं असं सालिमगड. नायट्रो हा कोस्टर मात्र आभाळाखाली. बडोद्याबाहेर आजव्याजवळच्या आतापी पार्कसारख्या ठिकाणी बराचसा परिसर उघडा असल्याने तिथे आम्ही पाऊस थांबलेला रविवार बघूनच जातो. घरापासून तास-पाऊण तासाचं अंतर, त्यामुळे घाई नसते.

मग दिवस आखायचा कसा?

गेट उघडताना पोचा. पाऊस नसेल तर डोळे मिटून उघड्या राइड्स आधी उरका, छताखालचं काहीही सकाळी करू नका. ते दुपारच्या झडीसाठी राखून ठेवा. आमच्या पहिल्या सहलीत सकाळी लख्ख उघडीप होती आणि आम्ही तीन तास अंधाऱ्या हॉलमध्ये घालवले, कारण नकाशावर ते आधी येत होते. बाहेर आलो तेव्हा आभाळ फाटलं होतं.

जेवण साडेअकराला किंवा थेट तीनला. एक ते दोनमध्ये सर आली की सगळं पार्क एका कॅन्टीनमध्ये शिरतं, आणि ओल्या माणसांच्या त्या गर्दीत ताट धरून जागा शोधणं ही स्वतंत्र राइड आहे.

कपडे बदलायचे असतील तर दिवसातून एकदाच, जेवणाच्या आधी. कोरडे कपडे दोनदा बदलावे लागले तर संध्याकाळी परतीसाठी काही उरत नाही.

रेनकोट, पोंचो की छत्री?

पार्कात छत्री नको. रांगेत शेजारच्याच्या डोळ्यात जाते, राइडवर नेऊ देत नाहीत, आणि बाहेर ठेवलेली परत मिळाली तर नशीब.

मुलांसाठी पँटसकटचा रेनकोट चांगला दिसतो खरा, पण प्रत्येक राइडला काढा-घाला करताना तुमचा अर्धा दिवस जातो. शिवाय आतून घाम येऊन मूल रेनकोट असूनही ओलंच. आम्ही आता मुलांना गुडघ्यापर्यंतचा पोंचो देतो. सीट बेल्टखाली नीट बसतो, डोक्यावरून ओढला की निघतो. मात्र गेटवर मिळणारा पातळ कागदासारखा घेऊ नका, तो पहिल्या बसण्यालाच काखेत फाटतो. बडोद्यातूनच जरा जाड घ्या. घेतल्यावर घरी नळाखाली धरून बघा, शिवणीतून पाणी झिरपलं तर दुकानदाराकडे परत.

मोठ्यांना कमरेपर्यंतचं विंडचीटर आणि टोपी पुरते. चष्मा असेल तर पुढे छज्जा असलेली टोपी घालाच, नाहीतर दिवसभर धुक्यात फिरल्यासारखं वाटतं.

पायात काय घालायचं?

याच्यावर मी सगळ्यात जास्त जोर देईन. बूट एकदा आत भिजले की दोन दिवस वाळत नाहीत, आणि त्या ओल्यात बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. धाकटीला एकदा अशा झाल्या की परतीच्या गाडीत ती सीटवर पाय वर घेऊन रडत होती. तेव्हापासून मागे पट्टा असलेले फ्लोटर्स. पट्टा नसलेली चप्पल उंचावरच्या राइडला चालत नाही, काढून ठेवायला लावतात. आणि क्रॉक्सच्या नावाने मिळणारी स्वस्त नक्कल गुळगुळीत फरशीवर घसरते. तळवा उलटा करून नखाने दाबून बघा, रबर दबलं तर घ्या, टणक असेल तर नको.

प्रत्येकाच्या नावाचा एक छोटा टॉवेल फक्त पायांसाठी. संध्याकाळी हॉटेलवर आल्यावर बेचक्या कोरड्या करून पावडर. बूटच नेले असतील तर आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवा आणि रात्री एकदा बदला. सासूबाई यासाठी घरून "सकाळ"चे जुने अंक नेतात आणि कोंबण्याआधी परत एकदा वाचतात.

कपडे कोणते, किती?

जीन्स घरी ठेवा. ओली जीन्स एका मुलाइतकी जड होते. पातळ पॉलिएस्टरची ट्रॅक पँट, टी-शर्ट, आणि छताखालच्या वातानुकूलित हॉलसाठी प्रत्येकी एक पातळ स्वेटर. हे स्वेटर लोक विसरतात. बाहेरून भिजून आलेलं मूल अठरा-वीस अंशांच्या हॉलमध्ये अर्धा तास बसलं की दात वाजायला लागतात.

प्रत्येकाचा कोरडा जोड वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवा, एकाच मोठ्या पिशवीत नको. एका पार्कात आम्ही सगळं एका सॅकमध्ये भरून लॉकरमध्ये ठेवलं. लॉकरचं छत गळत होतं. संध्याकाळी सॅक उघडली तर पाच जणांचे पाच जोड ओले, आणि वर ठेवलेल्या ओल्या पोंचोचं पाणी त्यात भर. काउंटरवरच्या मुलाने "पाऊस आहे ना मॅडम" एवढंच सांगितलं. मुलांना हॉटेलच्या चादरीत गुंडाळून बसवलं त्या रात्री.

मोबाइल भिजला तर?

बंद करा, पुसा, चार्जिंगला लावू नका. तांदळात पुरू नका, त्याची पूड खाचेत शिरते. पंख्याखाली ठेवा. त्यापेक्षा झिपलॉकची पिशवी न्या, फोनचा टच पिशवीतूनही चालतो.

वॉटर पार्क असेल तर पावसाचं काय बिघडतं?

पाऊस असेल तर काही नाही, वीज असेल तर सगळंच. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा, तिनाने भागा, तितके किलोमीटर ती लांब. पाण्यात असताना इतकं गणितही करू नका. गडगडाट ऐकू आला की मुलांना बाहेर काढा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत उतरू देऊ नका. झाडाखाली उभं राहू नका, पक्क्या इमारतीत जा. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी हे ॲप जवळपास पडणाऱ्या विजांचा इशारा देतं, ते फोनमध्ये असू द्या.

गंमत अशी की जुलै-ऑगस्टच्या झडीत विजा तुलनेने कमी असतात. जूनच्या सुरुवातीला आणि पाऊस परतीला लागल्यावर दुपारनंतर त्या जास्त कडाडतात. म्हणून "ऑक्टोबरमध्ये पाऊस संपतो, तेव्हा जाऊ" असं म्हणणाऱ्या आमच्या दिरांची सहल अर्धी निवाऱ्यात गेली.

थंडीवर लक्ष ठेवा. मूल "अजून पाच मिनिटं" म्हणत असतं, पण ओठ निळसर दिसले की ऐकायचं नाही.

सासूबाईंना, आजीला न्यावं का?

न्यावं, पण त्यांना विचारून. पावसात गुडघे धरतात आणि ओल्या उतारावर पाय सरकण्याची धास्ती असते. आमच्या सासूबाई काठी नेतात, छताखालचे खेळ आमच्याबरोबर बघतात आणि बाकीचा वेळ कॅन्टीनमध्ये पिशव्यांवर पहारा देतात. दुपारी त्यांनाच सगळ्यात जास्त माहिती असते: कोणती राइड सुरू झाली, कोणाचं मूल हरवलं, चहा कुठे बरा मिळतो. नऊवारी मात्र पावसात नको, हे त्यांनी स्वतःच ठरवलं. आता सलवार-कुर्ता घालतात, आणि तो फोटो कुणाला पाठवायचा नाही अशी ताकीद असते.

बरोबर खायला काय न्यावं?

बहुतेक पार्कांत बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, तेव्हा हे प्रवासापुरतं. दमट हवेत कुरकुरीत काहीही टिकत नाही. भाकरवडीचा पुडा एकदा फोडला की दोन तासांत मऊ. लीलो चिवडा मुळातच ओलसर, तो नेऊ नका. थेपले, गूळपोळी, आणि खजूर. सेव उसळ परत आल्यावर.

गाडीने जावं की ट्रेनने?

आम्ही ट्रेनच्या बाजूने. बडोदा ते मुंबई ३९२ किलोमीटर, आणि पुढे खोपोलीकडे टॅक्सी. रस्त्याने गेलात तर मनोरपासून घोडबंदरपर्यंत पावसाळ्यात खड्डे आणि कोंडी यांत किती वेळ जाईल याचा नेम नाही. बरं एवढंच की द्रुतगती मार्गावर खोपोलीचा फाटा घाट लागायच्या आधी येतो, त्यामुळे मुंबईकडून जाणाऱ्याला धुक्यातला बोरघाट चढावा लागत नाही. पुण्याहून येणाऱ्यांना उतरावा लागतो.

ट्रेनचंही संकट आहेच. जोराचा पाऊस झाला की वसई-नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी येतं आणि गाड्या विरारच्या अलीकडे खोळंबतात. म्हणून प्रवासाचा आणि पार्कचा दिवस एकच ठेवू नका. गाडी तीन तासांपेक्षा जास्त उशिरा असेल आणि तुम्ही जायचं रद्द केलं, तर ती प्रत्यक्ष सुटायच्या आत टीडीआर, म्हणजे पैसे परत मागायचा रेल्वेचा अर्ज, भरा, पूर्ण पैसे मिळतात. सुटल्यावर आठवलं तर उपयोग नाही. रेल्वेनेच गाडी रद्द केली तर ई-तिकिटाचे पैसे आपोआप येतात.

पावसामुळे पार्क पैसे परत देतं का?

साधारण नाही. पाऊस पडला म्हणून कुणी परत देत नाही, फार तर तारीख बदलून मिळते, तीही आधी कळवलं तर. तिकीट काढताना अटींचं पान वाचा आणि त्याचा स्क्रीनशॉट ठेवा. दोन-चारशे जास्त घेऊन तारीख बदलायची सोय देत असतील तर ऑगस्टमध्ये ते पैसे द्यावेत असं माझं मत. आमचे "हे" याच्या विरुद्ध आहेत.

अमेरिकेत बहिणीकडे जातोय, ऑर्लँडोचं डिस्ने करणार आहोत. हेच लागू पडतं का?

थोडंफार. फ्लोरिडात उन्हाळा हाच पावसाळा. दोन्ही किनाऱ्यांवरून येणारे समुद्री वारे मध्ये भिडतात आणि जून ते सप्टेंबर दुपारी गडगडाटी पाऊस होतो, बऱ्याचदा तास-दीड तासात उघडतोही. तिथे झडीपेक्षा विजेची भीती मोठी, उघड्या राइड्स त्यासाठीच थांबतात. सकाळ उघड्यावर, दुपार छताखाली. दुपारी लोक कंटाळून परत जातात तेव्हा तुम्ही हाँटेड मॅन्शनमध्ये बसा आणि पाऊस संपल्यावर बाहेर या, संध्याकाळ मोकळी मिळते. चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर, त्यामुळे विमानाच्या तिकिटाचा विमा काढलेला बरा.

आम्ही तिकडे असताना बडोद्यातच पूर आला तर?

हा प्रश्न पुण्या-मुंबईचे नातेवाईक विचारत नाहीत, आपणच विचारतो. ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात शहरात ४०० मिलिमीटरच्या वर पाऊस झाला होता. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्री नदी घराघरांत शिरली. तेव्हापासून ऑगस्टमध्ये घर सोडताना पोटात गोळा येतोच.

तळमजल्याचं घर असेल तर निघण्याआधी इन्व्हर्टर आणि कागदपत्रं माळ्यावर, फ्रिज रिकामा करून प्लग काढलेला, गॅस बंद. गाडी नेत नसाल तर उंचावरच्या नातेवाइकाकडे लावा. पुराच्या बातम्या आल्या की लोक उड्डाणपुलांवर गाड्या लावतात, पण त्यासाठी तुम्ही इथे असायला हवं. किल्ली वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना द्या. आजव्याच्या तलावाचं लेव्हल आणि काळा घोडा पुलापाशी विश्वामित्रीच्या पाण्याचं माप रोज एकदा बघा, दर तासाला नको. मी एकदा डीप स्पेसच्या रांगेत उभी राहून काळ्या घोड्याचं माप बघत होते, आणि मुलाने फोन हिसकावून घेतला.

पाणी येऊन गेलेल्या घरात परत जाताना अंधारात शिरू नका. आधी काठी आपटा, पार्किंग आणि जिन्याखाली टॉर्च मारा. विश्वामित्रीतून आलेली मगर दिसली तर लांब राहा आणि वनखात्याला कळवा, व्हिडिओ काढत बसू नका. पायाला जखम असेल तर त्या पाण्यात उतरू नका. उतरावं लागलं आणि नंतर ताप आला, तर पाण्यातून चालल्याचं डॉक्टरांना आठवणीने सांगा.

आणि एवढं सगळं नेऊन पाऊस पडलाच नाही तर?

झालंय तेही. पाच पोंचो, पाच जोड, टॉवेल, पावडर आणि पेपरचे गठ्ठे घेऊन गेलो, आणि दिवसभर कडकडीत ऊन. टोप्यांव्यतिरिक्त एकही वस्तू कामाला आली नाही. ऊन लागू नये म्हणून लावायचं क्रीम तेवढं कुणाला आठवलं नव्हतं. रात्री दोन्ही मुलांची नाकं लाल, आणि सासूबाई कोरफड शोधत हॉटेलच्या बागेत.